मध्यंतरातला ढोल

"बाई, डोकं फिरलंय का तुमचं? आपण सडकून मार खातोय तिकडे!" फुटबॉलचा प्रशिक्षक रस याने कपडे बदलण्याच्या खोलीचे दार अर्धवटच उघडले. "आज बँडला एकही पोरगा मिळायचा नाही."

"तुझी एकट्याची आहेत का रे ती? माझीपण आहेत," बँड शिकवणाऱ्या डेल्माबाई म्हणाल्या.

गाव एवढे लहान, की हायस्कूलच्या संघाला आणि बँडला मुले वाटून घ्यावी लागत. मध्यंतरात खेळाडू चिखलाने माखलेल्या गणवेशात, धक्के झेलायला खांद्यांवर बांधलेल्या गाद्यांसकट, कर्णे घेऊन मैदानात उतरत. पाहुणे हसत, गावाला त्याचे काहीच वाटत नसे. बँड चालू ठेवायचा की नाही, हे मात्र शाळा मंडळ सोमवारी ठरवणार होते. मंडळाचे अध्यक्ष पीटरसन त्यासाठीच आज गॅलरीत येऊन बसले होते.

"सोमवारी काय आहे, ठाऊक आहे ना तुला?"

"ठाऊक आहे. पण आपल्या ढोलवाल्या ट्रॅव्हिसचं मनगट टम्म सुजलंय. ढोल कोण बडवणार? तुम्ही?"

बाई वळल्या आणि सनई-बासरीवाल्या चार मुलींना घेऊन मैदानाच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. ढोलावाचून मुलींची पावलेसुद्धा जुळत नव्हती. गॅलरीत कुणीतरी खाकरले.

मग एकाएकी हशा पिकला. कर्णे सावरत पोरे धावत येत होती आणि सर्वांत मागे, पोटावर न मावणारा ढोल कसाबसा अडकवून, रस.

"पोरं ऐकेनात," तो धापा टाकत म्हणाला. "म्हणाली, तुम्हीच वाजवा."

"शाळेत माझ्या बँडमध्ये असताना तू प्रत्येक गाण्यात तालाच्या पुढे पळायचास."

"आता नाही पळणार, बाई. शपथ!"

पण पहिल्याच ठोक्यानंतर तो पळाला. तीच घाई, तेच खाली घातलेले डोके, तेच दाताखाली धरलेले ओठ. मुली गोंधळल्या, कर्णे मागे पडले. त्याला थांबवण्यासाठी बाईंचा हात सवयीने वर गेला.

हात क्षणभर हवेतच राहिला. मग बाईंनी रसच्या ठोक्यावर, त्याच्याच वेगाने ताल धरला आणि सगळ्यांना मानेने खुणावले: चला, याच्याबरोबर.

बँड पळू लागला. गॅलरीच्या पत्र्यावर बुटांचे ठेके पडू लागले. बाईंनी मागे वळून पाहिले नाही. पण त्यांतला एक ठेका पीटरसन बसले होते त्या कोपऱ्यातून येत होता.