त्रेसष्ट टक्के

जनावरांच्या त्या दवाखान्यात अक्का अठरा वर्षं कंपाउंडर होत्या. औषधं काढून देणं, बिथरलेल्या मांजराला टॉवेलात गुंडाळणं, इंजेक्शनच्या वेळी शेळीची मान धरणं, सगळं त्यांच्याकडे. अक्कांनी धरलं की जनावर हलत नाही, असं डॉक्टर म्हणायचे. मालकही हलत नाही, असं अक्कांचा नवरा म्हणायचा.

त्या दिवशी सकाळी कॉम्प्युटरवर नव्या सिस्टीमची सूचना आली आणि डॉक्टरांनी 'हो' दाबून टाकलं. तासाभराने पडदा काळा झाला. कंपनीचं चिन्ह आलं, ठिपके गोल फिरले, पुन्हा काळोख. पुन्हा चिन्ह. डॉक्टरांनी अकरा वेळा हे बघितलं आणि खुर्ची मागे सारली.

"गेलं हे," ते म्हणाले. "नवं आणू निवांत."

निवांत आणण्याइतका वेळ नव्हता. बाहेर बाकावर एक निवृत्त ट्रकड्रायव्हर आपली म्हातारी कुत्री मांडीवर घेऊन बसले होते. तिने रबरी चेंडू गिळला होता. कॉम्प्युटर बंद पडण्याआधी काढलेल्या एक्स-रेत तो आतड्यात अडकलेला स्पष्ट दिसला होता आणि दुपारच्या आत पोट उघडावं लागणार होतं. पण चार वर्षांपूर्वी भूल देताना तिचा श्वास मंदावला होता. कुठल्या औषधाने, ते ना डॉक्टरांना आठवत होतं, ना ड्रायव्हरना. ते लिहिलेलं होतं फक्त त्या कॉम्प्युटरमध्ये.

अक्कांनी कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला फोन लावला. तो परगावी होता.

"परवा येतो. फॉरमॅट मारावं लागेल," तो म्हणाला.

"म्हणजे आतलं सगळं पुसायचं?"

"जुना डेटा विसरा, अक्का."

अक्कांनी फोन ठेवला. विसरायचं म्हणे. जणू भाजीची यादीच होती ती. चार हजार जनावरांची लसीकरणं त्यांनी दोन बोटांनी टाइप केली होती; विसरायला सांगणाऱ्याचं काय जातं.

दोन वर्षांपूर्वी हाच माणूस असाच अडकलेला कॉम्प्युटर सोडवायला आला होता. तेव्हा अक्का चहाचा कप घेऊन त्याच्या पाठीशी उभ्या राहिल्या होत्या आणि चहा गार होईपर्यंत हलल्या नव्हत्या. तो काय करतो ते त्यांनी औषधांच्या वहीच्या मागच्या पानांवर उतरवून घेतलं होतं. ती पानं त्यांनी आता उघडली.

"अक्का, बिघडेल आणखी," डॉक्टर म्हणाले.

"मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही," अक्का म्हणाल्या. "तुम्ही कुत्रीला सलाईन लावा."

आधी त्यांनी प्रिंटर, एक्स-रेची वायर, स्पीकर सगळं उपटलं. कीबोर्ड आणि माउस तेवढे ठेवले. फरक पडला नाही. मग चिन्ह दिसलं की बटण दाबून धरायचं आणि पार बंद करायचं, असं लागोपाठ तीनदा केलं. चौथ्या वेळी ठिपके नेहमीपेक्षा जास्त फिरले आणि निळा पडदा आला. त्यावर दुरुस्तीचे पर्याय होते.

पहिला पर्याय आपोआप दुरुस्तीचा. त्याने पाच मिनिटं खाल्ली आणि हात वर केले. आता जुन्या सिस्टीमवर परत जाण्याचा पर्याय होता. पण वहीत त्याच्या आधी दोनदा अधोरेखित केलेली ओळ होती : आधी नोंदी बाहेर काढणे.

त्यासाठी पासवर्ड हवा होता. डॉक्टर हातमोजे घालून दारात आले आणि घुटमळले.

"मी टाकतो. तुम्ही तिकडे बघा."

"बायकोचं लाडकं नाव असेल तर आम्हाला सगळ्यांना माहीत आहे," अक्का म्हणाल्या, पण तोंड फिरवलं.

आज्ञा टाइप करायची काळी खिडकी उघडली. त्यात त्यांनी नोटपॅड सुरू केलं आणि त्याच्या फाइल उघडायच्या चौकटीतून डिस्कवर उतरल्या. इथे डिस्कची अक्षरं बदलतात, हेही वहीत होतं. नोंदींचा फोल्डर 'सी'वर नाही, 'डी'वर सापडला. तो उचलून त्यांनी पेनड्राइव्हवर ठेवला. पडद्यावर हालचाल काही दिसेना, म्हणून त्या पेनड्राइव्हचा लुकलुकणारा दिवा थांबेपर्यंत बसून राहिल्या. मग मोजलं. एकही फाइल कमी नव्हती. पण त्या वाचायला कॉम्प्युटर सुरू व्हायलाच हवा होता.

तेव्हा कुठे त्यांनी 'आधीच्या आवृत्तीवर परत जा' दाबलं.

टक्के चढू लागले. वीस, चाळीस, त्रेसष्ट. आणि त्रेसष्टलाच ठाण मांडलं. दहा मिनिटं झाली. डॉक्टर पुन्हा आले आणि बटणाकडे हात नेला.

"हात लावू नका," अक्का म्हणाल्या. अठरा वर्षांत त्या डॉक्टरांशी असं बोलल्या नव्हत्या. "डब्यावरचा लाल दिवा बघा. तो लुकलुकतोय म्हणजे आत काम चाललंय. बाळंतीण अडली म्हणून कुणी पोर ओढून काढतं का?"

डॉक्टरांनी हात मागे घेतला. जनावरांच्या डॉक्टरला हे वेगळं समजावून सांगावं लागलं नाही.

सव्वाअकराला चौसष्ट झाले. साडेअकराला पडद्यावर डॉक्टरांच्या घोड्याचा जुना फोटो आला, आणि बाजूला अक्कांच्या हातच्या नोंदींची खिडकी. अक्कांनी कुत्रीचा नंबर टाकला. भुलीच्या औषधाचं नाव होतं. पुढे त्यांनीच कंसात लिहिलं होतं : पुन्हा देऊ नये.

डॉक्टरांनी ते दोनदा वाचलं. "हेच द्यायला काढलं होतं मी," ते हळू आवाजात म्हणाले आणि ट्रेमधली सिरिंज बाजूला ठेवली.

चेंडू निघाला, पिवळा, अर्धा चावलेला. कुत्रीने तासाभराने डोळे उघडले. ड्रायव्हर बाकावरून उठले आणि अक्कांसमोर हात जोडून उभे राहिले.

दुपारी दुरुस्तीवाल्याचाच फोन आला, परवा किती वाजता येऊ म्हणून.

"येऊ नका. झालं," डॉक्टर म्हणाले.

"कुणी केलं?"

"आमच्या अक्कांनी. डेटासकट." डॉक्टरांनी फोन अक्कांकडे दिला. "विचारतोय कसं केलं."

अक्कांनी पायरी-पायरीने सांगितलं. नंतर तपासलं तेव्हा कळलं, डिस्क भरली होती, एक्स-रेच्या फोटोंनी. म्हणून नवी सिस्टीम अर्ध्यात अडकली, तेही सांगितलं. मध्येच पलीकडून आवाज आला, "अक्का, जरा सावकाश, लिहून घेतोय."

अक्का सावकाश बोलू लागल्या. टेबलापाशी औजारं धुवायची राहिली होती, पण आज ती डॉक्टर धूत होते.