दवाखान्याच्या गच्चीवरून निघालेला हेलियम

मित्रांनो, मी एक म्हातारा वायू आहे, हेलियम. किती म्हातारा? खडकांच्या पोटात कोट्यवधी वर्षं पडून होतो, एवढंच सांगतो. माझे भाऊबंद मात्र ताऱ्यांत राबतात. तिथे हायड्रोजन जुळून ते जन्मतात आणि त्यातूनच ताऱ्याला उजेड मिळतो. तारा म्हातारा झाला की तेच तिघे-तिघे एक होऊन कार्बन होतात. तुमच्या हाडामांसातला कार्बन असाच आलाय बरं का!

मला रंग नाही, वास नाही. मी जळत नाही आणि कुणाशी नातं जोडत नाही. बाकीचे वायू मला शिष्ट म्हणत असतील. म्हणोत बापडे.

माणसांनी मला जमिनीतून काढलं, शून्याखाली दोनशे एकोणसत्तर अंशांपर्यंत गार करून माझा द्रव केला आणि एका दवाखान्यातल्या एमआरआय मशीनमध्ये भरलं. माझ्या गारव्यावर त्यातलं चुंबक अहोरात्र चालायचं. नऊ वर्षं मी इमानेइतबारे काम केलं. कौतुक मशीनचं व्हायचं, मला कोण विचारतो! पण एखाद्याचा आजार वेळेत सापडला की मी आतल्या आत सुखावायचो.

एका सुट्टीच्या दिवशी सफाईवाले मामा फरशी घासायचं लोखंडी यंत्र घेऊन आत शिरले. पेशंट नाहीत म्हणजे मशीन बंदच असणार, असं त्यांना वाटलं. अहो, चुंबकाला कसली सुट्टी! धाडकन ते यंत्र खेचलं गेलं आणि मामांचा हात यंत्र आणि मशीनच्या मधे चिरडला जाऊ लागला.

मशीन चालवणाऱ्या ताई धावत आल्या. भिंतीवर एक लाल बटण होतं. ते दाबलं की चुंबकाची पकड सुटणार, पण लाखमोलाचा मी सगळाच्या सगळा उडून जाणार.

"नको ताई! नोकरी जाईल तुमची," मामा कण्हत म्हणाले.

"गप्प बसा हो मामा! मशीन पुन्हा भरता येईल. हात कुठून आणू?"

दाबा ताई, दाबा! ताईंनी बटण दाबलं. मी उकळलो आणि नळीतून गच्चीवर सुटलो. चुंबक ढिलं पडलं. हात वाचला.

ताईंनी मामांना धरून बाहेर आणलं. गच्चीवर माझ्या गारव्यानं गोठलेल्या हवेतल्या वाफेचा पांढरा धूर अजून रेंगाळत होता. मामांनी वर त्या धुराकडे बघत चांगला हात कपाळाला लावला. "जा बाबा, सुखानं जा. उपकार झाले तुझे."

मित्रांनो, मी इतका हलका की पृथ्वीलाही धरवत नाही. गेलो की परत येत नाही. म्हणून खाली उरलेल्या माझ्या भावंडांना फुग्यांत भरून उगाच उधळू नका. माझं म्हणाल तर मी समाधानानं चाललो आहे. जन्मभर मी कुणाशी नातं जोडलं नाही, पण निघताना मला कुणीतरी बाबा म्हणालं.