सेंतो, तू भिंत नव्हतास

रविवार, सकाळचे साडेअकरा. बेनिसोला गावाची वरची गल्ली. खाली डोंगराच्या पायथ्याशी समुद्र चकाकत होता आणि मी हवेत होतो.

मी चेंडू आहे. चामड्याचा, आत चिंध्या ठासलेला, मुठीत मावणारा. रोकने मला त्याच्या स्वयंपाकघरात शिवलं. टाके घालता घालता तो ऑलिव्हच्या बिया थुंकायचा आणि मला बजावायचा, "तू वाकडा निघालास तर एम्पार माझी मान वाकडी करेल." मी गोल निघालो.

आमच्या गावाला मैदान नाही. डोंगरात कुठे सपाट जागा सापडली की लोक तिथे चर्च बांधतात, नाहीतर खानावळ. त्यामुळे खेळ गल्लीतच. दोघं चढाच्या बाजूला, दोघं उताराच्या, आणि उघड्या तळव्यानं मला टोलवायचं. चटका कमी बसावा म्हणून तळव्याला खेळायचे जुने पत्ते चिकटपट्टीनं बांधतात. आमची खेळाडू एम्पार, तिच्या हाताला तलवारवाल्या राजाचा पत्ता असतो. त्याचा मार खाऊन मी असा उडतो की खालची कौलं गरगरतात.

प्रेक्षक उंबऱ्यांवर बसून शेंगदाणे सोलतात. चेंडू त्यांना लागला तरी खेळ थांबत नाही. त्या दिवशी मी योस्टच्या खांद्यावर आदळलो. योस्ट म्हणजे सायकलवर चढ चढून आलेला डच पाहुणा.

"म्हणजे मी खेळलो का?" त्यानं विचारलं.

"नाही रे बाबा, तू भिंत," पंच बातिस्तेकाका म्हणाले. "हात मांडीवर ठेव. हात उचललास की खेळाडू झालास."

योस्टनं लगेच बायकोला फोन करून सांगितलं की तो भिंत झाला आहे. मग त्यानं दुसरा खांदाही पुढे केला.

आता संतापाची गोष्ट. वेशीवर सायकलवाल्यांसाठी मोठा फलक आहे: 'बेनिसोला, खेळांचं गाव'. तो लावणारे नगराध्यक्ष सेंतो. आणि आमच्या गल्लीत 'चेंडू खेळण्यास मनाई' हा फलक लावणारेही सेंतोच. म्हणे पाहुण्यांची तक्रार आहे. कुठल्या पाहुण्यांची? मी जितक्या पाहुण्यांना लागलोय, तितक्यांना सेंतो भेटलेलाही नाही.

एम्पार पाव भाजते. तिचे गुडघे संपत आलेत. ऑगस्टच्या जत्रेतला सामना तिचा शेवटचा, आणि तो तिला याच गल्लीत खेळायचाय. "मी चालायला शिकले ती ही गल्ली," ती म्हणाली होती, "आता हा फलकाचा पत्रा मला शिकवणार?" म्हणून त्या रविवारी सराव ठरला, फलकाच्या नाकाखाली.

शेवटचा गुण बाकी होता. बरोबरी. तेवढ्यात चर्चमधून नव्या सुटात सेंतो आला आणि गल्लीच्या मधोमध उभा राहिला.

"एम्पारमावशी, खेळ बंद करा."

"बाजूला हो. तुझं शेंबडं नाक याच गल्लीत पुसलंय मी."

"मी नगराध्यक्ष म्हणून सांगतोय."

"मग नगराध्यक्ष म्हणून बाजूला हो." आणि तिनं मला हाणलं.

मी थेट त्याच्या टायकडे निघालो. तरुणपणी सेंतो या गल्लीतला सगळ्यात चपळ खेळाडू होता. डोक्याला आदेश आठवायच्या आत हाताला खेळ आठवला. मनगट मागे, पंजा उघडा, आणि फटाक. काय टोला होता तो. मी पावाच्या दुकानावरून गेलो, सज्ज्यावर आपटलो, कुणाच्या तरी वाळत घातलेल्या चादरीत गुरफटलो आणि घरंगळत एम्पारच्या पायाशी आलो. सगळी गल्ली हसत सुटली. सेंतोही हसत होता, अगदी पोरासारखा. मग त्याला आपला लाल तळवा दिसला. त्यानं तो खिशात घातला.

"मी बघ्या होतो," तो म्हणाला. "म्हणजे भिंत."

"भिंतीनं हात खिशात घातलेला मी प्रथमच बघतोय," बातिस्तेकाका म्हणाले.

सध्या मी पुरावा म्हणून जप्त होऊन नगरपालिकेच्या कपाटात आहे, एका बेवारशी हातमोज्याशेजारी. मला बाहेर काढा. पडून राहिलं की माझं चामडं आक्रसतं आणि ऑगस्ट जवळ आलाय.

गल्लीत चेंडूला हात लावल्याबद्दल जत्रेत खेळायला चौघांना बंदी झाली आहे. एम्पारचं नाव पहिलं. खाली सही सेंतोची.

त्या दिवशी मला पाच जणांनी टोलवलं होतं.