कॅप्सूलच्या जागी गोळी

औषध तुम्ही बदललंत. इस्पितळाच्या वरच्या मजल्यावर बंद दाराआड जे कोणी बसता, तुम्हीच. रोग्याचं तोंडही न बघता.

ताईला मात्र संशय आला तो डॉक्टरचा. शिवणकाम करून पोट भरणारी ही बाई. दुधाने तोंड पोळलेली, ताकही फुंकून प्यायची. धाकट्या भावाच्या किडनीतून प्रथिनं गळत होती, पाय सुजून खांब झाले होते. मागे दम्यासाठी स्टेरॉईड दिलं तेव्हा त्याची झोप उडाली, तो भिंतींशी भांडला आणि एके दुपारी गच्चीच्या कठड्यावर जाऊन उभा राहिला. हे तिनंच डॉक्टरला सांगितलं होतं. तो म्हणाला, "मग स्टेरॉईड नको. दुसरं औषध आहे, कॅप्सूल. रक्त मात्र सारखं तपासावं लागेल." तरी तिच्या मनात पाल चुकचुकलीच. बाकावरच्या बाकी सगळ्यांना स्टेरॉईड, आणि माझ्याच भावाला वेगळं?

औषधाच्या खिडकीतून पुडी मिळाली. भावाने तिथेच एक गोळी जिभेवर ठेवली आणि थुंकली.

"ताई, ही तीच. कडूजहर."

"अरे, कॅप्सूल कुठंय?"

"मला काय विचारतेस? मी काय कारखाना काढलाय?"

ती तडक डॉक्टरच्या खोलीत घुसली. "लिहिता एक, देता भलतंच! माझा भाऊ काय उंदीर वाटला?"

डॉक्टरने पुडी पाहिली आणि त्याचा चेहरा पडला. तो तिच्यासोबत खिडकीशी आला.

"माझ्यावर डोळे वटारू नका," औषधवाला म्हणाला. "वरून सांगितलंय. आधी स्टेरॉईड. त्यानं फरक पडला नाही, तरच कॅप्सूल."

"याला ते चालत नाही, असं मी स्पष्ट लिहिलं होतं!"

"लिहिलं असेल. वाचायला कुणाला वेळ आहे?"

डॉक्टरने मान खाली घातली. ताईला पहिल्यांदाच त्याची कीव आली, आणि तितकाच रागही. लिहून मोकळा झालास, भांडला का नाहीस? "चला माझ्याबरोबर," ती म्हणाली. तो आला.

वर दार बंद. आतून आवाज आला, "वेळ संपली."

"माझ्या भावाची संपायची राहिलीय," ताई म्हणाली आणि दारावर मूठ आपटली. "त्याच्या पोटात ही गोळी घालायला कुणी सांगितलं? दार उघडा. नाव सांगा!"