धावडाच्या लोखंडाचा कोयता

मी एक कोयता. सध्या एका फॉरेस्ट कचेरीच्या मागच्या खोलीत, जप्त केलेल्या कुऱ्हाडींच्या ढिगात पडलोय. इथं मला चोरीचं हत्यार म्हणतात. मला जरा बोलू द्या. चोरी कुणी केली ते मी जवळून पाहिलंय.

माझा जन्म कणकुंबीच्या वरच्या डोंगरात झाला. तिथं नागोजी धावड राहायचा. धावड म्हणजे लोखंड गाळणारे लोक. डोंगरातला जड तांबडा दगड फोडायचा, मातीच्या भट्टीत लाकडी कोळशाबरोबर घालायचा आणि कातड्याचा भाता ओढत राहायचं. नागोजीची बायको पोराला पाठीशी बांधून भाता ओढायची. भट्टी फोडली की आतून लोखंडाचा लाल गोळा निघायचा. तो ठोकून ठोकून नागोजीनं मला घडवलं आणि खालच्या वाडीतल्या मष्णूला दिलं. मष्णूनं त्याला सुगीला नाचणी दिली. दोघांचं असंच चालायचं.

मष्णू कुमरी करायचा. उतारावरची झुडपं माझ्यानं तोडायची, वाळली की जाळायची आणि राखेत नाचणी पेरायची. दोन-तीन पिकं निघाली की ती जागा सोडून द्यायची. पुन्हा तिथं यायचं ते रान परत उभं राहिल्यावर. मोठ्या झाडाला तो मला लागू देत नसे.

मग गोरा साहेब आला. घोड्यावरून त्यानं रान बघितलं, हद्दीचे दगड रोवले आणि दगडांच्या आतलं सगळं सरकारचं झालं. कुमरी बंद, कोळसा बंद. पिढ्यान् पिढ्या तिथं राहणाऱ्यांना कुणी एका शब्दानं विचारलं नाही.

नागोजी साहेबाच्या तंबूपुढं जाऊन उभा राहिला. सोबतीला मष्णू होता, आणि मी मष्णूच्या कमरेला. साहेब बोललाच नाही. त्याचा कारकून बोलला. आपल्याच भाषेत.

नागोजी म्हणाला, "कोळसा न्हाय तर लोखंड कसं गाळू, रावसाहेब?"

"गाळायचं कशाला? बेळगावच्या बाजारात विलायती लोखंड आलंय. तुझ्यापेक्षा स्वस्त."

"मग आम्ही काय करायचं?"

"झाडं तोडायला माणसं पाहिजेत. या कामाला."

दुसऱ्या दिवशी शिपायांनी नागोजीची भट्टी लाथांनी पाडली. नुकतीच लिंपलेली ओली माती होती, पडायला वेळ लागला नाही.

आता ऐका, रान राखायचं म्हणणाऱ्यांनी काय केलं. घाटातून रेल्वे न्यायची होती आणि रुळांखाली टाकायला लाकूड हवं होतं. वाळकी फांदी नेली म्हणून ज्यांनी मष्णूला फटके मारले, त्यांनीच त्याला नाणा, किंजळ असले थोरले वृक्ष आडवे करायला लावले. पडलेल्या झाडांच्या फांद्या माझ्यानं छाटून घेतल्या. त्या दिवसांत माझी धार रोज बोथट व्हायची, आणि मला बरं वाटायचं.

नागोजीही तिथंच राबायचा. एका दुपारी तो रुळांच्या चळतीवर बसला. मष्णूकडून मला घेऊन त्यानं माझी पाठ रुळावर आपटली आणि आवाज ऐकत राहिला.

"मष्णू, एवढं लोखंड आलं रं," तो म्हणाला, "पर ह्यात आपला एक घाव बी न्हाय."

पुढच्या पावसाळ्यात तो घाटातल्या झोपडीत हिवतापानं गेला. त्याची बायको पोरांना घेऊन गोव्याच्या बाजूला उतरली, ती पुन्हा कुणाला दिसली नाही. त्या डोंगरात आज लोखंड गाळणारं एकही घर नाही. पुस्तकात म्हणे लिहितात, देशी धंदे मागं पडले. मागं पडले नाहीत हो. लाथ मारून पाडले.

साहेब गेला. झेंडा बदलला. हद्दीचे दगड मात्र जिथल्या तिथं राहिले. साहेबाचा राग आहेच मला, पण त्याच्यामागून त्याच्या दगडांना जपत बसलेल्यांचा राग जास्त आहे.

मुठी बदलत मी मष्णूच्या घरात टिकलो. आता त्या घरात अंबुबाई आहे, मष्णूच्या पाचव्या की सहाव्या पिढीची सून. यंदा गव्यांनी तिचं भात तुडवलं. कुंपणाला कारवीच्या चार काठ्या आणाव्यात म्हणून ती मला घेऊन रानात गेली. तिथं गार्डानं अडवलं आणि मला काढून घेतलं.

मला सोडवायला ती मुलाला, रवळूला घेऊन इथं आली. रवळू बेळगावात फौंड्रीत, लोखंड ओतायच्या कारखान्यात, कामाला आहे. टेबलामागच्या साहेबांनी मला टेबलावर ठेवलं आणि एक कागद पुढं सरकवला.

"सही करा आणि कोयता न्या, आक्का. केस करत न्हाय."

"काय लिवलंय त्यात?"

साहेबांनी वाचून दाखवलं. "सरकारी जंगलात मी विनापरवाना शिरले, ही माझी चूक मला मान्य आहे."

अंबुबाई म्हणाली, "शिरले म्हंजे? शिरायला मी भायेरनं आलते का, साहेब?"

रवळू तिच्या कानाशी वाकला. "आई, कर की सही. केस झाली तर तारखांना खाडे पडतील, माझं काम जाईल."

"तुझं काम मला बी पायजे रं. पर हितं सही केली, तर आपल्या समद्या वाडवडलांस्नी मीच चोर केलं."

"मग काय करायचं?"

"हुंदे केस. मी उभी ऱ्हाते."

रवळूनं कागदाकडं पाहिलं, आईकडं पाहिलं. मग कागद त्यानंच साहेबांकडं परत सारला.

ती दोघं पायऱ्या उतरून गेली. मला उचलून पुन्हा ढिगात टाकलं. अंबुबाईचं कुंपण अर्धं राहिलंय, गवे रोज येत असतील. मला घरी जायचंय. पण तिला चोर ठरवूनच मला सोडणार असाल, तर नको. मला इथंच गंजू द्या.