बोटभर बाहेर

मित्रांनो, मी साडेचार फूट रुंदीची एक जुनी पट्टी आहे. टेनिसच्या मैदानाच्या कडेला, दोन पांढऱ्या रेषांच्या मधे मी पसरलेली असते. जाळीच्या अलीकडे दोघी आणि पलीकडे दोघी असा दुहेरीचा सामना असला, की मी मैदानात धरली जाते. एकेरीचा सामना असला, की मी मैदानाबाहेर. त्या दिवशी माझ्यावर पडलेला चेंडू वाया गेला असे समजतात. खेळणारे माझ्यावरून धावत जातात, पण खाली पाहत नाहीत. मला त्याचे काही वाटत नाही, असे मी पूर्वी म्हणत असे. कोल्ह्याला द्राक्षे आंबट, दुसरे काय.

मी माती आहे, पण साधी माती नव्हे. तळाला मोठे दगड, त्यावर बारीक खडी, खडीवर चुनखडीचा थर आणि सगळ्यात वर विटा दळून केलेली लाल भुकटी, अगदी पातळ. ती भुकटी पहिल्यांदा चाळून माझ्यावर पसरली, तेव्हा पसरणाऱ्याचे केस काळे होते. आता सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांच्या केसांतला पांढरेपणा त्यांचा आणि लाली आमची. रोज सकाळी मामा पाणी मारतात, संध्याकाळी काथ्याची रुंद जाळी दोरीने ओढत फिरतात आणि थंडी सुरू झाली की आमच्यावर ताडपत्री घालतात.

मग मी झोपते. एकेरीच्या दिवसांतही मी थोडीफार झोपतेच. खरे सांगायचे तर माझे निम्मे आयुष्य झोपेत गेले आहे. अर्धवट झोपेत मला ढगांच्या सावल्या अंगावरून जाताना कळतात, दूरच्या मोठ्या मैदानावरच्या टाळ्या ऐकू येतात. त्या टाळ्या माझ्यापर्यंत येईपर्यंत इतक्या मऊ होतात, की कोणीतरी पलीकडच्या खोलीत उशी झटकते आहे असे वाटते. वर्षातून एकदा ही मोठी स्पर्धा भरते. आमचे मैदान सगळ्यात शेवटचे, कुंपणाच्या झुडपांना लागून. मोठी नावे इकडे फिरकत नाहीत. पण दुसऱ्या आठवड्यात मुलींची दुहेरी सुरू होते आणि मग मी खडबडून जागी होते.

मुलींची दुहेरी मला फार आवडते. मोठ्या बायका दुहेरी खेळतात तेव्हा कामावर आल्यासारख्या खेळतात. मुली मात्र प्रत्येक गुणानंतर एकमेकींकडे धावत जातात, तोंडावर चेंडू धरून कुजबुजतात, आणि ती कुजबुज पुष्कळदा खेळाची नसतेच. एकदा दोघी गंभीर चेहऱ्याने बराच वेळ बोलत होत्या. पंचबाईंना वाटले, काही मोठा डाव ठरतो आहे. त्या संध्याकाळी काय खायचे ते ठरवत होत्या.

एका वर्षी एक जोडी आली. थोरली सतरा वर्षांची, उंच, डाव्या हाताने खेळणारी. तिला सगळ्या डावरी म्हणत. धाकटी पंधराची, अंगाने लहानखुरी, म्हणून बारकी. डावरीचे नाव यादीत खूप वरती होते. बारकीचे नाव शोधायला बोट खाली खाली न्यावे लागे. चांगल्या चांगल्या मुलींनी विचारले असतानाही डावरीने हिला जोडीला का घेतले, हे तिच्या सरांनाही समजले नव्हते. बारकी तिला ताई म्हणे, आणि ताईने सांगितले तर विहिरीत उडी मारायलाही ती तयार होती.

पहिल्याच सामन्यात मला बारकी आवडून गेली. गुण संपला, की परत जाताना ती चेंडूने उमटलेली खूण बुटाने हलकेच पुसून भुकटी सारखी करी. मित्रांनो, माझ्यावर पडलेल्या प्रत्येक चेंडूची खूण उमटते, अंड्याएवढी. चेंडू आत पडला की बाहेर अशी शंका आली, तर पंच खुर्चीवरून उतरून ती खूण पाहतात. शंका नसेल तेव्हा तिच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. ही मुलगी बघत होती. मामांशिवाय माझी एवढी काळजी कोणी घेतल्याचे मला आठवत नाही.

"तू इथे खेळायला आलीस की केर काढायला?" डावरीने तिला विचारले.

"आईची शिकवण आहे, ताई," बारकी म्हणाली. "ठसा लगेच बुजवला नाही, तर वाऱ्याने भुकटी उडते. मग दुसऱ्या दिवशी आईलाच दुप्पट काम."

तिची आई एका लहानशा क्लबातली दोन मैदाने राखत होती. चालायला लागल्यापासून बारकी तिच्या मागे मागे पायाने माती सारखी करत फिरली होती. ती टेनिस शिकली ती नंतर.

एकेक सामना जिंकत दोघी उपांत्य फेरीत आल्या. त्या दिवशी सामन्याआधी डावरीचे सर माझ्या शेजारच्या बाकाजवळ उभे राहून तिच्याशी हळू आवाजात बोलले. "इथवर ठीक आहे. पण तुझं मुलींमधलं हे शेवटचं वर्ष. आज जिंकलात तर मी काही बोलणार नाही. हरलात, तर पुढच्या महिन्यापासून जोडी बदलायची. मी एकीशी बोलून ठेवलंय."

डावरी रॅकेट उचलून मैदानात निघाली. बाकाच्या दुसऱ्या टोकाला बारकी बुटाची नाडी बांधत होती. तिने ती बांधली, सोडली आणि पुन्हा बांधली. तिला सगळे ऐकू गेले होते, आणि सरांना वाटत होते तिला ऐकू आलेले नाही.

तो सामना मी जन्मात विसरणार नाही. पहिला सेट आमच्या मुलींचा, दुसरा समोरच्यांचा. तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांची शर्यत होती. जो आधी दहावर पोहोचेल, आणि दोन गुणांनी पुढे असेल, तो जिंकला. ऊन कलले होते. झुडपांच्या सावल्या माझ्यावर येऊन थांबल्या होत्या आणि त्यांतून चेंडू येत जात होता, कधी सोनेरी, कधी करडा. चार जोडी बुटांच्या घसटण्याचा आवाज मला अंगाई वाटावा इतका एका लयीत चालला होता. बारकी त्या दिवशी जिवावर उदार होऊन खेळली. हरले तर ताई जाणार, एवढेच तिच्या डोक्यात होते, आणि प्रत्येक चेंडूमागे ती तेवढ्यासाठीच धावत होती.

गुण झाले नऊ-आठ. आमच्या मुलींना जिंकायला एकच गुण हवा.

डावरी जाळीपाशी होती, बारकी मागे, माझ्या बाजूला. समोरच्या मुलीने जीव खाऊन चेंडू माझ्या कडेने मारला. बारकी धावली, पण पोहोचली नाही. चेंडू माझ्या बाहेरच्या रेषेपलीकडे बोटभर अंतरावर पडला. मित्रांनो, मी माती आहे, माझी नजर चुकू शकेल. पण अंगाला काय लागले आणि काय नाही, ते मला कळते. त्या चेंडूने मला स्पर्शसुद्धा केला नव्हता.

"बाहेर," पंचबाई म्हणाल्या.

बारकीने दोन्ही हात वर केले. जिंकलो, ताई राहिली. हसत हसत ती डावरीकडे निघाली, आणि निघता निघता तिच्या पायाने, रोजच्यासारखीच, ती खूण पुसून टाकली.

समोरच्या मुलीने हात वर करून खूण पाहायला सांगितले. पंचबाई उतरून आल्या. उंच खुर्चीवर बसल्या, तरी त्या काही उंटावरच्या शहाण्या नव्हत्या, नीट वाकून बघणाऱ्या होत्या. त्यांनी वाकून पाहिले. तिथे सारखी केलेली लाल भुकटी होती.

"खूण कुठे आहे?"

"मी पुसली," बारकी म्हणाली. तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"आपल्या बाजूची खूण पुसली, म्हणजे चेंडू आत होता हे तू कबूल केलंस. गुण त्यांना."

"मी कबूल नाही केलं. मला सवय आहे."

"सवयीचं मी काय करू, बाळ? नियम आहे." त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळे ते ऐकणे आणखी अवघड होते.

डावरीने एकच विचारले, "बाहेर होता ना?"

"मी नीट पाहिलंच नाही, ताई," बारकी म्हणाली. खोटे बोलणे तिला तेव्हाही जमले नाही.

मी काय काय केले असते त्या क्षणी! ओरडले असते, साक्ष दिली असती, त्या पुसलेल्या जागी ती खूण पुन्हा उमटवली असती. इतकी वर्षे माझ्यावर काय पडले ते सगळे मी पोटात ठेवले, त्याचे मला कधी ओझे वाटले नव्हते. त्या दिवशी वाटले. नऊ-नऊ झाले. बारकीचा पुढचा फटका जाळीत गेला. त्यापुढचा गुण समोरच्यांनी सरळ जिंकला. हातातोंडाशी आलेला घास गेला. चौघींनी जाळीवरून हात मिळवले. सरांनी वही मिटली आणि ते उठून गेले. त्यांच्या पाठोपाठ डावरीही गेली.

माणसे पांगल्यावर मामा काथ्याची जाळी घेऊन आले. बारकी अजून बाकावरच होती. "मामा, आज मी ओढू?" तिने विचारले. मामा आपली जाळी कोणाच्या हातात देत नाहीत. पण त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिले आणि दोरी पुढे केली. बारकीने ती खांद्यावर घेतली आणि बाहेरून आत गोल गोल फिरू लागली. इतक्या हलक्या हाताने मला कोणी कधी सारखे केले नव्हते. मधूनच तिच्या हनुवटीवरून एखादा थेंब पडे, आणि पुढच्या फेरीत ती तोही बुजवून टाकी.

ओले केस घेऊन डावरी परत आली आणि माझ्यावर उभी राहिली. "सगळीकडे शोधलं तुला."

"झालंच, ताई. तू सरांचं ऐक. मी नाही रागावणार."

"तो चेंडू आत होता," डावरी म्हणाली.

बारकी थांबली. "काय?"

"आत होता. रेषेला लागला, मी पाहिला. तू पुसलं नसतंस, तरी बाईंनी वाकून बघितलं असतं आणि गुण त्यांनाच दिला असता."

"मग तेव्हा का नाही बोललीस?"

"जिंकायचं होतं ना. मी कशाला आपल्या पायावर धोंडा पाडून घेऊ?"

बारकीने दोरी खांद्यावरून खाली घेतली. "खरंच?"

"शप्पथ. आणि सरांना सांगून आलेय, त्या दुसरीबरोबर तुम्हीच खेळा म्हणून. पुढच्या महिन्यात आपण दोघीच. आण ती दोरी इकडे. कशी ओढायची सांग."

डावरीला ओढता येत नव्हते. तिने जाळी वाकडी नेली, आणि बारकी इतका वेळ रडत होती ती हसायला लागली. उरलेले मैदान दोघींनी मिळून सारखे केले. मामा दाराशी उभे होते आणि सारे बघून न बघितल्यासारखे करत होते.

मित्रांनो, चेंडू पडला तेव्हा डावरी जाळीपाशी होती. तिची पाठ माझ्याकडे होती. तिने काहीही पाहिले नव्हते. मघापर्यंत मला वाटत होते, एकदा, फक्त एकदा मला बोलता यावे. आता वाटले, बरे झाले, मला बोलता येत नाही.

म्हणून एक विनंती करते. त्या दोघी आता मोठ्या झाल्या असतील. कधी कुठे भेटल्या, आणि धाकटीने तुम्हाला त्या चेंडूबद्दल विचारलेच, तर सांगा की तो आत होता, रेषेला लागला होता. कोणी सांगितले म्हणाली, तर माझे नाव सांगा.