वामीची न दिसणारी पिल्लं

मी एक काचेची टाकी बोलतेय. जबलपुरातल्या कांचघर भागातल्या एका दुकानात माझ्या काचा कापल्या, जोडल्या आणि मला अधारतालच्या मासे संशोधन केंद्रात आणलं. शेजारच्या टाक्यांमध्ये रोहू, कटला वाढत. मला मात्र तिथल्या संशोधक हेमलताताईंनी वेगळ्याच कामासाठी मागवलं होतं. जबलपूरपासून समुद्र कितीतरी दूर. पण त्यांनी पाण्यात मीठ कालवून माझ्यातच समुद्र केला.

त्यांना वामीची पिल्लं वाढवायची होती. वाम म्हणजे सापासारखा लांब मासा. ती वाढते नदीत, पण अंडी घालायला समुद्रात जाते. नर्मदेवर धरणं झाली आणि तिची वाट अडली. एके दिवशी ग्वारीघाटचा नावाडी शालिग्राम एक मोठी मादी घेऊन आला.

"दीदी, ये आखरी समझो," तो म्हणाला. "अब नदी में इसके बच्चे ही नहीं आते."

"म्हणून तर," ताई स्वतःशीच पुटपुटल्या. "इथं पिल्लं जगली, तर वाम संपणार नाही."

नर समुद्रकाठाहून मागवला. मादीला इंजेक्शनं सुरू झाली. तिनं खाणं सोडलं. तिचे डोळे मोठे होत गेले, इतके की तोंडभर डोळेच दिसू लागले. एका सकाळी तिनं अंडी घातली आणि दुपारपर्यंत ती मेली. ते मोठे डोळे माझ्या काचेला लागून उघडेच राहिले. ताईंनी ओल्या फडक्यात गुंडाळून तिला उचललं.

अंड्यांतून पिल्लं निघाली, तेव्हा त्यांना ना तोंड होतं ना डोळे. मग दात आले, सुईसारखे, पुढे वळलेले. मग डोळे. अंग आंब्याच्या पानासारखं चपटं, नखाएवढं आणि पाण्यासारखं आरपार. बघणाऱ्याला वाटे, टाकी रिकामी आहे. मग त्याला काळे ठिपके दिसत, जोडीजोडीनं सरकणारे, आणि तो मागे होई.

पण ती खात काय, हे कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. अंड्याचा बलक दिला, कोळंबीचा लगदा दिला. अन्नात पोहत ती उपाशी मरत होती. शेवटी शार्कच्या अंड्यांची पातळ लापशी तळाशी पसरली, तेव्हा काहींनी तोंड लावलं. पण लापशीनं पाणी नासायचं आणि नासलेल्या पाण्यात पिल्लं मरायची.

जिवंतपणी डोळ्यांखेरीज ती दिसत नसत. मेली की दुधासारखी पांढरी होत. सकाळी दार उघडल्यावर पाण्यात पांढरं दिसलं की ताई उंबऱ्यातच थांबायच्या.

मे महिन्यात वीज गेली, पाणी गार ठेवणारं यंत्र बंद पडलं आणि पाणी तापलं. ताईंचे यजमान शशिकांत स्कूटरवरून बर्फाच्या लाद्या आणत राहिले. "हेमा, अजून आणू काय?" त्यांनी विचारलं. ताईंनी नुसतं माझ्याकडे बोट केलं. मी आतून पांढरी होत चालले होते.

ताईंनी सगळी मेलेली पिल्लं गाळून काढली. तरी त्या रोज लापशी घालत राहिल्या. अखेर केंद्राचे प्रमुख चंद्रशेखर आले.

"मॅडम, रिकाम्या टाकीला काहून खाऊ घालून राहिल्या तुम्ही?"

"रिकामी नाही, सर. लापशी रोज संपून राहिली."

"पाण्यात विरघळत असेल. एक डोळा तरी दिसतो काय?"

"नाही दिसत. पण मेलं असतं तर पांढरं दिसलं असतं ना?"

"अच्छा, चलो," म्हणत त्यांनी बाही वर केली आणि हसत कोपरापर्यंत हात आत घातला.

हसू मधेच थांबलं. त्यांच्या हाताभोवती काहीच दिसत नव्हतं. फक्त मनगटावरची लव एका बाजूला झुकली, जवळून काहीतरी गेल्यासारखी. त्यांनी हात ओढला. बोटावर रक्ताचा टिपूस होता. ते कितीतरी वेळ हात पँटीला पुसत राहिले.

"टाकी राहू द्या," एवढंच बोलून ते गेले. पुन्हा त्या खोलीत आले नाहीत.

ताई काचेला कपाळ टेकून बघत बसल्या. "कोण आहेस गं?" त्यांनी हळूच विचारलं.

मी काच. माझ्यातलं मला तरी दिसायला हवं. पण मलाही दिसत नाही. पश्चिमेकडच्या माझ्या भिंतीला आतून कुणीतरी टेकलेलं असतं, एवढंच कळतं. तिकडे समुद्र आहे. तो तिला कुणी दाखवला नाही, तरी तिचं तोंड तिकडेच असतं. रोज ती थोडा जास्त जोर लावते आणि माझा सांधा करकरतो.

या खोलीत कधी आलात, तर कृपा करून वीज बंद करू नका. आणि त्या भिंतीपुढे उभे राहू नका.